पाहुणा म्हणून पुढे चला

माझं पोट दुसऱ्यांच्या चुकांवर चालतं. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी सुप्याला घरी बसून मोबाईलमधली ॲप तपासते. कुणीतरी राबून ॲप बनवतं आणि ते लोकांच्या हातात जाण्याआधी मी त्यातली खोट शोधून काढते. राहुरीला, माझ्या माहेरी, याला 'खुसपटं काढायची नोकरी' म्हणतात. "लहान हुती तवा फुकटात काढायची, आता पगार घेऊन काढती," असं आई आल्यागेल्याला सांगते. तिचं चुकत नाही. माझा स्वभाव तापट आहे, आणि कुणी काही सांगितलं की ते खरं नसावं असंच मला आधी वाटतं. या कामाला असाच माणूस लागतो.

आमच्या धंद्यात एक तक्रार बारमाही असते. ॲप सारखं लॉगिन मागतं. कालच नाव-पासवर्ड दिला होता, आज परत मागतंय. बहुतेक वेळा दोष कुकीचा निघतो. कुकी म्हणजे काय हे मी आबांना, माझ्या वडिलांना, सायकल स्टँडवरच्या बिल्ल्यावरून समजावलं होतं. स्टँडवर सायकल लावली की तिथला माणूस पत्र्याचा बिल्ला देतो. संध्याकाळी बिल्ला पुढे केला की तो नाव-गाव न विचारता सायकल काढून देतो. ॲपचंही तसंच असतं. एकदा नाव-पासवर्ड देऊन आत शिरलं की पलीकडचा मोठा संगणक आपल्या फोनला एक बिल्ला देतो. पुढच्या वेळी फोन तो बिल्ला दाखवतो आणि ॲप म्हणतं, या, तुम्ही आपलेच. त्या बिल्ल्याचं नाव कुकी. तो हरवला की ॲपला तुमची ओळख राहत नाही. काल तासभर तिथंच बसला असलात तरी ते तुम्हाला नव्यानं नाव विचारतं.

आबांना हे लगेच कळलं. आईनं मात्र "कुकी म्हंजी बिस्कीट ना?" एवढं विचारलं आणि ती भाकऱ्या थापायला निघून गेली.

हे लांबण लावायचं कारण असं की या बिल्ल्यापायी मी माझ्या धडधाकट वडिलांना डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले होते.

आबा विद्यापीठाच्या रोपवाटिकेत नोकरीला होते. निवृत्त झाले आणि त्यांनी शब्दकोडं धरलं. सकाळचा चहा झाला की पेपर घ्यायचा, बातम्यांचं पान न बघता बाजूला सारायचं आणि कोड्याचं पान मांडीवर पसरायचं. अडलं की आईला हाक. आई चुलीपासून म्हणा, मोरीतून म्हणा, जे सुचेल ते ओरडून सांगायची आणि बऱ्याचदा तेच बरोबर निघायचं. मग आबा 'मला ठावं हुतं' म्हणायचे. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी पेपरातली बारीक अक्षरं त्यांना नीट दिसेनात. म्हणून मी त्यांच्या फोनमध्ये कोड्यांचं एक ॲप टाकून दिलं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, रोज नवं कोडं येतं, आणि सोडवलेलं प्रत्येक कोडं तुमच्या नावावर जमा राहतं. त्यासाठी लॉगिन लागतं, तेही मीच करून दिलं. आबा खूश होते. जुनी सोडवलेली कोडी ते पाहुण्यांना उघडून दाखवायचे, दुसरं कुणी असतं तर नातवंडांचे फोटो दाखवले असते.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. "पोरी, तुझं ॲप मला वळखंना."

झालं होतं असं की ॲप उघडल्यावर त्यांना कोडं दिसलंच नाही. नाव मागणारा, पासवर्ड मागणारा चौकोन समोर आला. पासवर्ड त्यांना माहीत नव्हता, कारण तो मी टाकला होता. पण त्या चौकोनाच्या खाली एक बटण होतं: 'पाहुणा म्हणून पुढे चला'. आबांनी ते दाबलं आणि कोडं उघडलं. पाहुण्यालाही कोडं सोडवता येतं, फक्त त्याचं सोडवलेलं ॲप जपून ठेवत नाही. पाहुणा उठून गेला की पाटी कोरी.

मी म्हटलं, रविवारी येते आणि बघते. माझा रविवारचा फेरा ठरलेला असतो. सकाळी सुप्याहून निघायचं, नगरला गाडी बदलायची, राहुरीला जेवायचं आणि अंधार पडायच्या आत घरी परतायचं. त्या रविवारी मी लॉगिन करून दिलं. ॲप बंद केलं, उघडलं. फोन बंद केला, चालू केला. ॲप आबांना नावानिशी ओळखत होतं. मी निर्धास्त परत आले. सोमवारी सकाळी फोन. "परत पाहुना."

इथून पुढे मी इरेला पेटले. आबांच्या फोनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, एसटी चुकू नये म्हणून. एसटीनं ते कुठेच जात नव्हते, पण घड्याळ पुढे. वेळ चुकीची असली तर कधी कधी कुकीची मुदत लवकर संपते, म्हणून मी घड्याळ जुळवलं. फरक पडला नाही. ॲप काढून परत टाकलं. फरक पडला नाही. त्याच नावानं माझ्या फोनवर लॉगिन केलं तर ते आठवडाभर टिकलं. ॲप बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं, तर 'कृपया ॲप काढून पुन्हा टाकून पाहा' असं उत्तर आलं. हे उत्तर मी स्वतः नोकरीत इतक्या लोकांना पाठवलं आहे की वाचूनच डोकं फिरलं. शेवटी मी दोघांनाही समोर बसवून विचारलं, "फोनला दुसरं कुणी हात लावतं का?"

"आपल्यात दुसरं हाय कोन?" आबा म्हणाले.

"मी कशाला हात लावू ह्यांच्या फोनला?" आई म्हणाली. "माझा मला हाय की."

मग राहिलं काय? ॲप चांगलं, फोन चांगला, घड्याळ बरोबर. आमच्या कामात सगळं तपासून झालं की उरतो तो फोन धरणारा हात. ॲपच्या एका कोपऱ्यात 'बाहेर पडा' असं बटण असतं. मला वाटायला लागलं की आबाच रोज ते दाबत असावेत आणि दाबलेलं विसरत असावेत.

हा संशय एकदा मनात शिरला आणि मला तो काढता येईना. मन चिंती ते वैरी न चिंती. आमच्या घराला त्याचं कारणही होतं. आबांचे थोरले भाऊ, माझे चुलते, राहात्याला असायचे. पेरूची बाग, तालुकाभर ओळखी, बोलायला लागले की समोरच्याला उठू द्यायचे नाहीत. शेवटची काही वर्षं ते एकेक करून सगळं विसरत गेले. आधी वस्तू, मग वाटा, मग माणसं. दुपारी ते स्वतःच्या घराच्या ओसरीवर मांडीवर पिशवी घेऊन बसायचे आणि चुलतीला हात जोडून म्हणायचे, "बराय, निघतो आता. लई पाहुनचार केला तुमी." चुलती आत जाऊन पदर तोंडात धरायची. आबांनी हे सगळं समोर बसून पाहिलेलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि आमचं सगळ्या घराचं तोंड पोळलेलं होतं.

त्यातच एक दिवस आबा बाजारातून काडेपेटी आणायची विसरले.

आबा बाजारात काहीतरी विसरणारच, हा आमच्या घरचा जुना रिवाज. कोथिंबीर तर ते लग्न झाल्यापासून विसरत आलेत. आई त्यावरून त्यांना बोलते, मनापासून, स्वयंपाक होईपर्यंत. आबा 'व्हय व्हय' करत ऐकतात. पण या वेळी ते काडेपेटी विसरले आणि आई काही बोलली नाही. शेजारणीकडून काडेपेटी मागून आणली आणि गप्प राहिली. तिचं ते गप्प राहणं आबांना फार लागलं असावं. पुढच्या रविवारी मी गेले तर दाराजवळच्या खुंटीवर बाजाराची पिशवी नव्हती. विचारलं तर आबा म्हणाले, "ठिवली कपाटावर. आता कुठं लागती." भाजी दारावरच्या गाडीवरून घ्यायला लागले होते. मला पिशवी म्हटल्याबरोबर राहात्याची ओसरी आठवली. त्यांनाही तीच आठवली असणार, नाहीतर रोज लागणारी पिशवी कुणी कपाटावर चढवत नाही.

त्याच रविवारी त्यांनी मला फोन पुढे करून सांगितलं, "परवा लई झाक कोडं आल्तं. त्यात आगंतुक हुतं बघ." मी ॲप उघडून परवाचं कोडं काढलं. सगळे चौकोन पांढरे, एक अक्षर भरलेलं नाही. पाहुणा म्हणून सोडवलं असेल तर कोरंच दिसणार, हे मला कळत होतं. पण त्या घडीला माझ्यातली तपासनीस पळून गेली होती. मला एवढंच दिसलं की माझे वडील न सोडवलेलं कोडं सोडवलं म्हणून सांगताहेत. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि फोन काढून घेतला.

"बरं, न्हाई तर न्हाई," ते म्हणाले. "मला वाटलं मी सोडिवलं."

येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. घरी पोचल्यावर नगरच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली, गुरुवारी सकाळची. आबांना कसं सांगावं याची मी मनात उजळणी करून फोन लावला होता. चिडतील, 'मला काय झालंय' म्हणतील, मग मी अमुक म्हणेन. त्यांनी माझा 'बाहेर पडा' बटणाचा संशयही पुरता ऐकून घेतला आणि म्हणाले, "जाऊ की. भाऊला आमी उशिरा नेलं हुतं." इतक्या पटकन ते हो म्हणाले याचीच मला जास्त भीती वाटली.

बुधवारी दुपारी मी कामाचा लॅपटॉप घेऊन राहुरीला मुक्कामी गेले. लग्नानंतर सणावाराशिवाय मी माहेरी राहिलेले नाही, त्यामुळे आईला काय करू नि काय नको झालं होतं. आबा नेहमीसारखे पाटाच्या कडेनं फिरायला गेले. फिरताना ते फोन नेत नाहीत, खोलीत चार्जिंगला लावून जातात. मी आल्या आल्या त्यांच्या फोनवर परत एकदा लॉगिन करून ठेवलं होतं, सवयीनं, काही आशा न धरता.

आता आईच्या केराबद्दल सांगायला हवं. आई दिवेलागणीनंतर घरात केरसुणी उचलू देत नाही. आमच्या शेजारणी म्हणतात, तिन्हीसांजेनंतर झाडलं की लक्ष्मी जाते. आम्ही बौद्ध. आमच्याकडे लक्ष्मी येत नाही आणि म्हणून जातही नाही. पण आईनं नियम सोडला नाही, त्याचं कारण तेवढं बदलून घेतलं. तिच्या आईच्या कानातलं फूल एकदा संध्याकाळच्या केरात उकिरड्यावर गेलं होतं, चिमणीच्या उजेडात दिसलं नाही म्हणून. तेव्हापासून त्यांच्याकडे उजेड असतानाच झाडायचं. "देवाधर्माचं काय न्हाई त्यात," आई म्हणते. "अंधारात केरातून चांगलं काय जाईल ते कळत न्हाई, एवढंच." विजेचे दिवे आले, पण तिची वेळ ठरलेली. ऊन कलतं झालं की घर झाडायचं, अंगण झाडायचं, हातपाय धुवायचे आणि मग बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची.

त्या बुधवारी तिनं घर झाडलं, अंगण झाडलं. केरसुणी दारामागे आडवी ठेवली. हातपाय धुतले. मी वाट बघत होते की आता मेणबत्ती लावेल. पण ती खोलीतून आबांचा फोन चार्जिंगवरून काढून घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली. चष्मा लावला. बोटानं काहीतरी उघडत गेली, सराईतपणे.

"आई, काय करतेस?"

"केर काढती."

"कशाचा?"

"फोनचा."

मी लॅपटॉप खाली ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवलं, आणि मला ते कसं जमलं कोण जाणे. म्हटलं, मला दाखव, कसा काढतेस.

तिनं दाखवलं. फोनच्या सेटिंगमध्ये गेली, त्यात ॲपच्या यादीत गेली, त्यात कोड्याचं ॲप उघडलं. फोन मराठीत होता, तोही मीच करून दिला होता. समोर दोन बटणं शेजारी शेजारी होती. एक 'कॅशे साफ करा', दुसरं 'स्टोरेज साफ करा'. दाबू नकोस, नुसतं सांग, मी म्हटलं.

"कोडं मधीच आडकायचं," आई सांगायला लागली. "स्टँडपाशी मोबाईलचं दुकान हाय, त्याला दावला. तो म्हन्ला, मावशी, कचरा भरलाय, म्हून आडकतोय. हे पयलं बटन दाबून रोज साफ करा. तवापासून करती."

"पहिलं बटण. मग दुसरं?"

"दुसरं माझं मी दाबती. नुसता केर काढून भागतंय का? फरशी पुसाया नको?"

कॅशे म्हणजे केर, स्टोरेज म्हणजे फरशी. ॲप तपासायच्या माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत लोकांनी केलेल्या नाना खटपटी मी पाहिल्या आहेत, पण केर काढल्यावर फरशी पुसणारा माणूस मला भेटला नव्हता. पहिल्या बटणानं फारसं काही बिघडत नाही. दुसऱ्या बटणानं त्या ॲपचं फोनमधलं सगळंच जातं. नाव जातं, ओळख जाते, बिल्ला जातो. ॲप दुसऱ्या दिवशी सकाळी जन्माला आल्यासारखं उठतं आणि आबांना विचारतं, आपण कोण?

"अगं पण ते दाबलं की फोन विचारत नाही का तुला? सगळं कायमचं जाईल म्हणून?"

"इचारतो की. म्या 'ठीक आहे' म्हन्ते." आईनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कचरा कायमचाच जायला पायजे ना? तू काय परत आनून ठिवती?"

"मी विचारलं होतं ना, फोनला हात लावतेस का म्हणून?"

"हात कुठं लावती? साफ करती."

आईच्या लेखी हे दोन्ही वेगळं होतं. आबांचं कपाट ती रोज पुसते, पण 'ह्यांच्या कपाटाला मी हात लावत न्हाई' असंही सांगते, आणि तेही खरंच असतं, कारण आतली एक वस्तू ती इकडची तिकडे करत नाही. मी हसायला लागले. थांबेचना. आई आधी रागावली, मग घाबरली, कारण हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. पाठीवरून ओझं उतरल्यासारखं झालं. मी तिला सगळं सांगितलं, बिल्ला, कुकी, सगळं परत पहिल्यापासून. या वेळी तिनं भाकऱ्यांचं निमित्त काढलं नाही.

ऐकून झाल्यावर ती फोनकडे बघत राहिली. "म्हंजी केरातून चांगलं गेलं," ती म्हणाली. "आन मी उजेडात झाडत हुते."

मग तिनं जे सांगितलं ते मी तोवर ऐकलेलं नव्हतं. दुकानदारानं सांगितलं तेव्हा ती आठवड्यातून कधीतरी साफ करायची. तेव्हाही फरशी पुसायचीच. पण फोन आबांना ओळखेना झाला तसं तिनं रोजच्या रोज धरलं. "हे इसरतात का फोन इसरतो, मला काय कळंना. ह्यांचं काय मला करता येईना. म्हन्लं, फोन तरी साफ ठिवावा. त्यानं तरी ह्यांचं नाव ध्यानात ठिवावं." ती जितकी साफ करत गेली तितका फोन विसरत गेला, आणि फोन जितका विसरला तितकी ती साफ करत गेली. मला तिचा हात धरावासा वाटला, म्हणून धरला. आमच्याकडे असं कुणी करत नाही. तिनं थोडा वेळ धरू दिला, मग मेणबत्ती लावायला उठली.

आबा आले तेव्हा घरात उदबत्तीचा वास होता. मी त्यांना खुर्चीत बसवून सांगितलं. वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हंजी रोज मीच सोडिवत हुतो?"

"हो आबा."

"आन ते 'बाहेर पडा' का काय, ते मी दाबत नव्हतो?"

"नाही. तुम्ही काहीच केलं नाहीत."

ते बराच वेळ टोपीची घडी नीट करत राहिले. मग म्हणाले, "ते आगंतुकाचं कोडं उघड."

मी उघडलं. तेच पांढरे चौकोन. मी त्या रविवारी सूचना वाचल्याच नव्हत्या, त्या आता मोठ्यानं वाचायला घेतल्या. "आडवे. न बोलावता आलेला. चार अक्षरी."

"आगंतुक," आबा म्हणाले. "पन म्या आधी अभ्यागत भरलं. तेबी चारच अक्षरी. मग खाली आडलं. त्याच्या शेवटच्या अक्षरापासून एक उभा शब्द निघतो, धान्य साठवायचं, तीन अक्षरी. त-नं काय येईना. तुझी आई मोरीतनं वरडली, कणगी. म्हंजी शेवटी क पायजे. मग ते खोडलं आन आगंतुक केलं."

मी फोनमध्ये पाहिलं. उभे. धान्य साठवण्याची. तीन अक्षरी. त्याचा पहिला चौकोन वरच्या शब्दाच्या शेवटच्या चौकोनातूनच खाली जात होता.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"फुडं वाच. सुपारी कातरायचं हाय बघ, अडकित्ता. त्यात जोडाक्षर एकाच घरात बसतं का दोन, ह्यावर मी घटकाभर घोळलो."

ते सांगत गेले आणि मी भरत गेले. आई दारात उभी राहून ऐकत होती. मधेच एका शब्दाला तिनं उत्तर दिलं, आणि आबा म्हणाले, "मला ठावं हुतं." कोडं भरून झालं तेव्हा ॲपमध्ये चौकोन हिरवे झाले. मला कित्येक आठवड्यांत लागली नव्हती अशी भूक लागली. आईनं पिठलं टाकलं होतं, ते आम्ही तिघांनी पातेलं खरवडून खाल्लं. जेवता जेवता मी डॉक्टरांकडची वेळ रद्द केली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आमचं चाललं होतं. आई म्हणाली, त्या दुकानदाराला उद्या जाऊन विचारते. मी म्हटलं, त्याची चूक नाही, त्यानं केरच सांगितला होता, फरशी तुझी.

सकाळी चहा झाल्यावर आबांनी फोन घेतला. आम्ही दोघी आपापलं काम करतोय असं दाखवत उभ्या होतो. त्यांनी ॲप उघडलं. नाव मागणारा चौकोन आला नाही. थेट कोडं आलं, आणि वर त्यांचं नाव, कालच्या हिरव्या कोड्यासकट.

"पाहुना गेला," आबा म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

कोडं सोडवून झाल्यावर ते उठले, कपाटाला खुर्ची लावली आणि वरची पिशवी काढली. मी धरायला धावले तर 'सर बाजूला' म्हणाले. अंगणात जाऊन त्यांनी पिशवीची धूळ झटकली. टोपी घातली. आईनं यादी लिहून द्यायला पेन उचललं, मग काय वाटलं कोण जाणे, खाली ठेवलं.

"सांग काय आनायचं," आबा दारातून म्हणाले. "तोंडानं सांग. ध्यानात ऱ्हातं माझ्या."

आईनं सांगितलं. वांगी, मिरच्या, काडेपेटी, लसूण, कोथिंबीर. आबांनी मान हलवली आणि गेले.

परत आले ते घामाघूम होऊन, रस्त्यात भेटलेल्या दोघातिघांशी बोलून, उशिरा. आईनं पिशवी ओट्यावर पालथी केली. वांगी होती. मिरच्या होत्या. काडेपेटी होती, एक सोडून दोन. लसूण होता. आई चाचपत राहिली. मी तिच्याकडे पाहिलं, आबांनी माझ्याकडे पाहिलं.

मग आईनं कंबरेवर हात ठेवला आणि तोंड सोडलं. लग्न झाल्यापासून एक दिवस या माणसानं कोथिंबीर आणली असेल तर शपथ, चारचौघांत गप्पा हाणायला लई ध्यान हाय, घरातलं तेवढं बरं इसरतं, आता आमटीवर काय तुमची टोपी चिरून घालू का. ती बोलत राहिली, आमटी उकळेपर्यंत. आबा खुर्चीत बसून 'व्हय, व्हय' म्हणत होते आणि त्यांचा चेहरा इतका निवांत झालेला मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. मी चपला घातल्या आणि कोथिंबीर आणायला गेले.